पायाशी हिरवा दिवा

चांगुणा तिळगुळाची पुडी हातात धरूनच वाकली, आणि थोरल्या भावाच्या पायाला बोटं लागताच तशीच वाकलेली राहिली. सहादूचे पाय माठाच्या बुडासारखे गार होते.

संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, पण तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. वणीहून पहिल्या एसटीनं निघायचं, नाशकात उतरून रिक्षानं मखमलाबाद गाठायचं आणि भावाच्या पाया पडल्याखेरीज चहाला हात लावायचा नाही, हा चांगुणेचा लग्नापासूनचा नेम होता. सहादू आतल्या खोलीत गोधडी तोंडावरून ओढून पडला होता. गोधडी आखूड, म्हणून पाय बाहेर. दादा, तिळगूळ घे, असं ती दोनदा म्हणाली. उत्तर आलं नाही. तिनं घोटे चाचपले, मग पोटऱ्या. पोटऱ्या जरा कोमट लागल्या.

"अंजे," तिनं स्वयंपाकघराकडं तोंड करून अगदी हळू आवाजात हाक मारली, "गॅस बंद कर आन हिकडं ये. दादाचं काय खरं नाय."

चांगुणेच्या या हळू आवाजाला नात्यागोत्यात वजन होतं. माणूस पायाकडून गार पडत येतो, ही तिची परीक्षा होती, आणि सासरा, दीर, दोन जावा या सगळ्यांच्या बाबतीत ती खरी ठरली होती. तिचा अंदाज आजवर चुकला नव्हता. अर्थात, तिला बोलावणं जायचं तेच मुळी डॉक्टरनं हात टेकल्यावर, हे कुणी लक्षात घेत नसे.

सून अंजली ओल्या हातानं आली. प्रफुल्ल अर्धी दाढी तशीच ठेवून आला. अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, म्हणून तो घरी होता. आबा रात्री नीट जेवले, भाकरी दूध खाल्लं, असं तो सांगू लागला. चांगुणेनं त्याचा हात धरून बापाच्या पायावर ठेवला. प्रफुल्लनं दाढीचा फेस पुसला आणि डॉक्टरांना फोन लावला.

खरं म्हणजे सहादू उत्तर देत नाही, यात नवं काही नव्हतं. वर्षभरापासून तो फारसा बोलतच नव्हता. ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे घर होतं, त्याच जागी पूर्वी त्याचं शेवंतीचं वावर होतं. जमीन बिल्डरकडं गेली आणि मोबदल्यात दोन खोल्या जास्तीच्या मिळाल्या. पहाटे चारला उठून टोपल्या भरायच्या आणि सायकलवरून नदीकाठच्या फुलबाजारात न्यायच्या, हे त्यानं जन्मभर केलं. आता टोपल्या नव्हत्या, पण चारला जाग यायचीच. मग तो अंधारात काय करत असे कुणास ठाऊक. बाथरूममध्ये मात्र रोज पाणी सांडलेलं असे आणि त्यावरून अंजली कुरकुरत असे. दिवसभर मग तो पडून राहायचा. मुलगा कामावर, सून शाळेत, नातू पुण्याला. कुणी विचारलं तर हूं म्हणायचा. न विचारलं तर तेही नाही.

कॉलनीतले डॉक्टर आले. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती पाहिली आणि ते जे सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाबद्दल म्हणत, तेच म्हणाले. वय झालंय, थंडी कडाक्याची आहे, काही सांगता येत नाही, ऊब ठेवा. यातलं ‘काही सांगता येत नाही’ एवढंच चांगुणेनं ऐकलं, आणि डॉक्टर जिना उतरेपर्यंत सिन्नर, मालेगाव आणि दिंडोरीला फोन गेलेले होते.

ऊब ठेवायची कशी, हा प्रश्न उरला. चांगुणेनं वीट तापवायला सांगितली. पूर्वी घरोघर अशी वीट असायचीच. चुलीच्या वैलावर ती दिवसभर पडून असे. रात्री फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्यांच्या पायाशी ठेवली की पहाटेपर्यंत धग टिकायची. त्या फडक्याला जो करपट वास येई, तोच थंडीचा वास, असं त्या पिढीतल्या पोरांना वाटायचं. पण मखमलाबादच्या तिसऱ्या मजल्यावर वीट कुठली? प्रफुल्लनं शेजारच्या बांधकामावरून एक आणली, ती हल्लीची, राखाडी आणि वजनाला हलकी. गॅसवर ठेवल्यावर ती वरून तापेना आणि खालून तडकली. तिचे तुकडे शेगडीत पडले आणि दोनातला एक बर्नर पेटायचा बंद झाला.

रबरी पिशवीचं नाव कुणी काढलं नाही. ती पिशवी या घरातून सहा वर्षांपूर्वी गेली होती. सहादूची बायको सुलाबाई हिच्या पायांना साखरेच्या दुखण्यानं संवेदना उरली नव्हती. अशाच एका थंडीत सहादूनं स्वतःच्या हातानं पिशवी भरून तिच्या पायाशी ठेवली. तिला काही कळलं नाही, त्यालाही नाही. सकाळी गोधडी काढली तेव्हा टाच भाजली होती. ती जखम शेवटपर्यंत भरली नाही.

प्रफुल्ल तेव्हा गिझरच्या आणि इस्त्रीच्या कॉइल बनवणाऱ्या कारखान्यात होता. अजूनही तिथंच होता. पण आईनंतर त्यानं डोक्यात एकच घेतलं होतं, की तापणारी वस्तू हुशार नसेल तर ती माणसाजवळ ठेवू नये. ऊब द्यायची ती मोजून, आणि थांबायचं कधी ते तिचं तिला कळलं पाहिजे. मालकांच्या मागं लागून लागून त्यानं कारखान्यात एक छोटा विभाग काढायला लावला होता. तिथं ऑपरेशननंतर रुग्ण गारठू नये म्हणून अंगावर घालायचं पांघरूण तयार होत होतं. आत तारेचं वेटोळं नव्हतं. कागदाहून पातळ अशी काळी फिल्म होती, जिथं घडी घाला तिथं वाकणारी. सोमवारी सकाळी अकरा वाजता मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं ते बघायला येणार होती. त्यांना पटलं तर विभाग राहणार होता. नाही पटलं तर प्रफुल्ल पुन्हा गिझरच्या कॉइलवर.

अशा पांघरुणाचं सॅम्पल एकच होतं, आणि ते या क्षणी प्रफुल्लच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होतं. कारखान्यात शनिवारी वीज नसते, म्हणून घरी एकदा चालवून पाहावं, असा विचार करून त्यानं ते शुक्रवारी संध्याकाळी कुणाला न सांगता आणलं होतं.

"अहो, ते तुमचं पांघरूण," अंजली म्हणाली.

प्रफुल्लनं तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती चांगुणेच्या नजरेतून सुटली नाही. कसलं पांघरूण, कुठं आहे, मग काढत का नाही, हे तिनं एका दमात विचारलं. कंपनीचं आहे, त्याला डाग पडला तर नोकरी जाईल, असं तो चाचरत म्हणाला.

"बापाचे पाय चाललेत आन तू डागाचं बोलतो," आत्या म्हणाली.

पांघरूण आलं. प्रफुल्लनं ते सहादूच्या पायांवर पसरलं, सेन्सर पावलाला चिकटवला आणि पलंगाच्या कडेला छोटी डबी अडकवली. मग सवयीनं, जणू सोमवारची तालीमच, तो समजावून सांगू लागला. हा दिवा नारिंगी असला म्हणजे पांघरूण तापतंय. पायाला हवी तेवढी ऊब आली की ते आपोआप थांबतं आणि दिवा हिरवा होतो. पुन्हा गारवा जाणवला की पुन्हा नारिंगी. कितीही वेळ ठेवा, भाजणार नाही. अंजली तोवर बंद पडलेल्या बर्नरकडं गेली होती आणि आत्या सिन्नरच्या चिमाजीला फोनवर रडून सांगत होती. ऐकायला खोलीत सहादूच उरला होता, आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

दिवा नारिंगी लागला. थोड्या वेळानं हिरवा झाला. चांगुणेनं पाय चाचपले आणि ती मटकन खाली बसली.

"ऊन झाले," ती म्हणाली. "पफुल, ऊन झाले रे पाय. हिरवा लागला आन ऊन झाले."

त्या क्षणापासून घरात हिरव्या दिव्याला मान आला.

दुपारपर्यंत माणसं येऊ लागली. चिमाजी, म्हणजे सुलाबाईचा भाऊ, सिन्नरहून जीपमध्ये उभ्यानं आला. त्याचा कांदा लावणीला आला होता आणि बायका रोजानं सांगून ठेवल्या होत्या. मालेगावचा भाचा यंत्रमाग बंद ठेवून आला. दिंडोरीच्या दोघी चुलतबहिणी पांढरी लुगडी पिशवीत घालूनच आल्या होत्या. त्या पिशव्या त्यांनी दाराआड ठेवल्या आणि नंतर दोन दिवस त्यांच्यावर नजर पडली की वळवून घेतली. जो येई तो आधी पायाशी जाई, पांघरुणात हात घालून पाय धरी आणि मग हिरव्या दिव्याकडं बघून मान हलवी. चांगुणा प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगे. प्रत्येक वेळी पाय थोडे अधिक गार होत गेले. संध्याकाळी सांगताना पोटऱ्याही गार होत्या.

आणि सहादू बोलू लागला. पहिल्यांदा त्यानं पाणी मागितलं. मग चिमाजीला ओळखलं, कांद्याच्या रोपाला किती पाणी झालं विचारलं. मग शेवटच्या भेटीला आलेली सगळी माणसं भिंतीला टेकून बसलेली पाहून तो उशीवर जरा वर सरकला आणि जुन्या गोष्टी काढल्या. गारपिटीत शेवंती गेली ते साल. द्राक्षवाले थंडीपासून मणी राखायला बागेत शेकोट्या पेटवायचे आणि तो धूर याच्या फुलांवर बसायचा, त्यावरून झालेलं भांडण. सुलाबाई कंदिलाच्या उजेडात वेण्या गुंफायची आणि सकाळी तिच्या भाकरीलाही शेवंतीचा वास यायचा. सांगताना त्याचा आवाज स्वच्छ होता. फक्त गोष्टीत जो जो येई तो शेवटी मेलेलाच असे, आणि ऐकणारे मनातल्या मनात उरलेल्यांची मोजदाद करत.

शेवटच्या भेटीला आलेल्या माणसाचं एक अवघड असतं. आजारी उठून बसला तर आनंद, गेला तर दुःख. पण दोन्हींतलं काहीच होत नसेल तर घरी निघायचं केव्हा? चांगुणेची एक जाऊ सासूच्या उशाशी बसलेली असताना म्हैस पिळायला म्हणून उठली आणि तेवढ्यात सासू गेली. त्याला तीस वर्षं झाली. अजून लग्नाकार्यात ती पंगतीला बसली की कुणीतरी विचारतंच, बाई, म्हशीचं उरकलं ना? ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून कुणी उठेना. चिमाजी दर तासाला जिन्यात जाऊन कांद्याच्या बायकांना फोनवर उद्या म्हणत होता, आणि परत येऊन दाजींचे पाय धरून बसत होता. पाय धरायच्या पाळ्या लागल्या. दाजींनाच ते आवडतंय, असं चिमाजीच्या लक्षात आलं. हात काढला की ते डोळे उघडून बघायचे.

रविवारी सकाळी सहादूनं दोन वेळा चहा घेतला आणि पिठलं मागितलं.

"दिवा इझायच्या आधी मोठा व्हतो," चांगुणा स्वयंपाकघरात येऊन अंजलीला म्हणाली. "जास्त करून टाक."

पिठलं भाकरी तेरा माणसांना पुरवता पुरवता अंजलीचे खांदे दुखून आले. शेगडीचा एकच बर्नर चालत होता. प्रफुल्लला मात्र पिठल्याचा वाससुद्धा सोसवेना. सोमवार जवळ येत होता. दुपारी आत्या आंघोळीला गेलेली पाहून तो खोलीत शिरला. चिमाजीला डुलकी लागली होती. प्रफुल्लनं डबीचा हूक हळूच काढला.

"कुठं नेतो?" सहादूनं विचारलं. डोळे न उघडता.

"नेत नाही आबा. बघत होतो."

"बरं चाललंय की."

तो तसाच बाहेर आला. मग त्यानं आत्याला, मामाला, सगळ्यांना बसवून नीट सांगितलं. आबांची तब्येत सुधारली आहे, पाय गरम आहेत, आता साधी रजई पुरेल, पांघरूण उद्या सकाळी मला कंपनीत नेलंच पाहिजे. दिंडोरीच्या एका बहिणीनं पदर तोंडाला लावला.

"ने की," चांगुणा म्हणाली. "मी नाय म्हनत न्हाई. फक्त एक कर. आधी तिरडीचे बांबू आन, मग ने. मंजी लोकांनी इचारलं तर सांगता येईल, पोरानं तयारी करूनच बापाच्या अंगावरचं वढलं."

मामानं मध्यम मार्ग काढला. बाजारात विजेच्या रजया मिळतात, तशी एक आणावी. प्रफुल्ल स्कूटरवरून जाऊन, जवळ होते तेवढे पैसे मोजून, तशाच रंगाची रजई घेऊन आला. ती पायावर घालायच्या आधीच सहादूनं तिच्याकडं पाहून मान फिरवली.

"हिला दिवा न्हाई," तो म्हणाला.

एवढ्यावर तो विषय संपला.

सोमवारी सकाळी आठला प्रफुल्लनं जिन्यात उभं राहून तेजल मॅडमना फोन केला. तेजल त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि पदानं मोठी होती. त्यानं सगळं सांगितलं. सॅम्पल घरी आणलं, वडील अत्यवस्थ झाले, त्यांच्या अंगावर घातलं, आता नातेवाईक काढू देत नाहीत, काढलं तर वडील जातील असं त्यांना वाटतं.

"किती वेळ चालू आहे ते, प्रफुल्ल सर?"

"शनिवारी सकाळपासून."

"सलग?"

"सलग."

"आणि पेशंट स्टेबल आहे."

"पिठलं खातायत."

मग ती म्हणाली की पत्ता पाठवा. हॉस्पिटलच्या डॉक्टर मुंबईहून निघाल्याच आहेत, कारखान्यातल्या टेबलावर दाखवण्यापेक्षा खऱ्या पेशंटच्या अंगावर दाखवू. दोन दिवस सलग चाललं आणि भाजलं नाही, यापेक्षा मोठा डेमो काय असणार? आणि सॅम्पल न विचारता नेल्याचं आपण नंतर बोलू, असंही ती म्हणाली.

अकराच्या सुमाराला तेजल आणि एक पोक्त डॉक्टरीणबाई जिना चढून आल्या. बाई भूलतज्ज्ञ आहेत, असं प्रफुल्लनं आदरानं सांगितलं, आणि घरात एकदम कुजबुज सुरू झाली. चिमाजी दाराशी आडवा उभा राहिला.

"दाजी आत्ता कुठं बोलाया लागलेत," तो म्हणाला. "मंग भूल कशाला?"

त्याची समजूत घालून बाई आत आल्या. सहादू उशीला टेकून बसला होता. पायाशी चांगुणा आणि मालेगावचा भाचा, दोघांचेही हात पांघरुणाखाली. तेजलनं बोलायला सुरुवात केली. फिल्म किती पातळ आहे, ऊब सगळीकडं सारखी कशी पसरते, संवेदना नसलेल्या रुग्णालाही इजा का होणार नाही. बाईंनी ऐकलं, पांघरुणाचा कोपरा चिमटीत धरून पाहिला, मग डबीकडं पाहिलं.

"दिवा हिरवा आहे," त्या म्हणाल्या.

"दोन दिस झाले," चांगुणेनं अभिमानानं सांगितलं. "एक घटका इझला न्हाई. मी सोता बसलेली हाय हितं. हिरवा तो हिरवाच."

तेजलनं बोलणं थांबवलं. तिनं प्रफुल्लकडं पाहिलं. प्रफुल्लनं दिव्याकडं पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोक्यात ते शिरलं. आबांचे पाय, कांदा, पिठलं, तिरडीचे बांबू या सगळ्यांत त्यानं स्वतःच्या दिव्याकडं पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे हे तापतच नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "खराब झालंय का?"

चांगुणेचं तोंड उघडं राहिलं. प्रफुल्ल पुढं झाला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं पांघरूण वर उचललं. खाली आत्याचे दोन हात होते, भाच्याचे दोन. वर्षानुवर्षं खुरपं धरून खरखरीत झालेले आणि मागावर राबलेले. मधे सहादूचे पाय, लालसर, ऊबदार.

"आत्या, हात काढा," तो म्हणाला. "तुम्हीपण. सगळे जरा लांब व्हा."

"पाय गार पडतील," चांगुणा म्हणाली.

"पडू द्या."

असं वाक्य त्या घरात मुलानं बापाबद्दल कधी उच्चारलं नव्हतं. पण बाईंनीही मान हलवली, म्हणून हात निघाले. तेरा माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. प्रफुल्लनं ओल्या फडक्यानं पावलं पुसली, सेन्सर पुन्हा चिकटवला, पांघरूण घातलं. सगळ्यांचे डोळे डबीवर. दिंडोरीच्या बहिणी पिशव्यांकडं बघत होत्या. कुणी श्वास घेत नव्हतं, सहादू सोडून. तो आरामात घेत होता.

दिवा नारिंगी झाला.

"चाललं," प्रफुल्ल म्हणाला आणि तिथंच जमिनीवर बसला.

पुढचं सगळं भराभर झालं. थोड्या वेळात दिवा हिरवा झाला. बाईंनी थर्मामीटर लावून पाहिलं, पुन्हा पाय गार करून पाहिलं, पुन्हा नारिंगी, पुन्हा हिरवा. त्यांना जे हवं होतं ते नेमकं हेच होतं, असं त्या तेजलला म्हणाल्या. नको तेव्हा न तापणारं यंत्र मिळणं अवघड. पहिल्या वेळी वॉर्डासाठी वीस घेऊन बघू. मग सहज, डॉक्टरांच्या सवयीनं, त्यांनी सहादूची नाडी धरली, छाती ऐकली, पोट दाबलं, पायांच्या नखांकडं पाहिलं. नंतर त्या नातेवाइकांकडं वळल्या आणि यांना नेमकं झालंय काय, असं विचारलं.

चांगुणेनं शनिवारचं सांगितलं. या खेपेला पाय गुडघ्यांपर्यंत गार होते.

"त्यांना काही झालेलं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "बाबा, शनिवारी सकाळी पाय एवढे गार कशानं पडले?"

"धुतले व्हते," सहादू म्हणाला.

"काय?"

"पाय. पहाटं खाली जाऊन येतो. गेटापाशी बिल्डरनं शेवंती लावलीय, तिला कुनी पानी घालीत न्हाई. मातीचे पाय घेऊन अंथरुनावर जायचं न्हाई, ही आमची रीत. वरच्या टाकीचं पानी. गार लागनारच."

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

"मंग सांगितलं का न्हाई, दादा?" चांगुणेचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. "मी दोनदा हाक मारली."

"डोळा लागला व्हता. उठलो तवा तू फोनवर रडत व्हती."

"आन नंतर? दोन दिवस?"

"इचारलं कुनी?"

प्रफुल्ल जमिनीवर बसल्या बसल्या बापाकडं बघत होता.

"आबा, तुम्हाला माहीत होतं ते चालू नाही ते?"

"तूच सांगितलं की. नारिंगी म्हंजी तापतंय, हिरवा म्हंजी थांबलं. चांगलं ध्यानात ठेवलं." सहादू थोडा थांबला. "काल रातच्याला चिमाजीला झोप लागली तवा एकदा नारिंगी झाला व्हता. मी खोकलो. तो जागा झाला, पाय धरले, की पुन्हा हिरवा."

चिमाजीनं आपल्या हातांकडं पाहिलं.

अडीचच्या आत घर रिकामं झालं. कुणी रागावलं नाही, कुणी आनंदही केला नाही. जिवंत माणसावर रागावता येत नाही, आणि लावणी बुडाल्यावर आनंदही होत नाही. दिंडोरीच्या बहिणींनी पिशव्या पदराआड धरून नेल्या. चिमाजी जाताना दाजींच्या पाया पडला, आणि पाय अजून कोमट आहेत याची सवयीनं खात्री करून घेतली. चांगुणा शेवटी निघाली. तिळगुळाची पुडी दोन दिवस तिच्या कमरेला तशीच खोचलेली होती, ती तिनं भावाच्या हातात दिली. गोड बोल, असं मात्र तिला म्हणवलं नाही. पुढच्या वर्षी येशील ना, असं सहादूनं विचारलं. ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, बोलावलंस तर. परीक्षा चुकल्याचं तिच्या मनाला लागलं होतं.

तेजलनं सॅम्पल परत मागितलं नाही. घरात वापरून बघायला एक पाहिजेच, ते आबांकडंच राहू दे, असं ती म्हणाली. न विचारता नेल्याचं बोलायचं तिनं मंगळवारवर टाकलं.

संध्याकाळी प्रफुल्ल पेढे घेऊन आला. एक त्यानं बापाच्या तोंडात घातला, पांघरूण स्वतःच्या हातानं पायांवर नीट पसरलं, कडा खोचल्या, पावलं एकदा हातांत धरून सारखी केली. दिवा हिरवा होता. आता काळजी नाही आबा, तो म्हणाला, कितीही थंडी पडू दे. मग वीस पांघरुणांबद्दल मालकांचा फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. अंजली शेगडीतून विटेचे उरलेले तुकडे काढत होती.

खोलीत उजेड कमी झाला. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या शेजाऱ्यांच्या होत्या, त्या परत गेल्या होत्या. सहादू डबीकडं बघत पडून राहिला. बराच वेळ ती हिरवी होती. मग नारिंगी झाली.

सहादूनं एकदा खोकून पाहिलं.

"अंजली," बाहेरून प्रफुल्लचा आवाज आला, "आबांना खोकल्याचं औषध दे गं."

अंजलीनं हात धुतले, बाटली हलवली, चमचाभर औषध आणून दिलं, पाणी दिलं, तोंड पुसलं आणि जाताना दिवा लावू का म्हणून विचारलं. नको, आहे की, तो म्हणाला. ती गेली. पायाशी नारिंगी उजेड होता, आणि पांघरूण अगदी चोख तापत होतं.